नडगी एवढी का दुखते, आणि तिला नडगी का म्हणतात

पोलीस भरतीची जाहिरात येणार अशी नुसती बातमी जरी आली ना, तरी नाशकात गोल्फ क्लबच्या ग्राउंडवर पहाटेची गर्दी एकदम वाढते. दिंडोरी, पेठ, सुरगाण्याकडून आलेली, कुठे कॉट बेसिसवर राहणारी पोरं-पोरी, पायात जमेल ते शूज, आणि डोक्यात एकच, पोरांना १६०० मीटर, पोरींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. पहिले दोन आठवडे सगळे जोरात असतात. मग तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एकेक जण ट्रॅकच्या कडेला बसून पायाच्या पुढच्या बाजूला बाम चोळताना दिसायला लागतो. विचारलं की उत्तर ठरलेलं, नडग्या भरून आल्यात.

मग सल्ले सुरू. कोणी म्हणतं तेल लावून जोरात रगड, कोणी म्हणतं पट्टी आवळून बांध, कोणी म्हणतं गोळी खा आणि पळ, दोन दिवसांत जाईल. यातला शेवटचा सल्ला सगळ्यात जास्त ऐकला जातो आणि तोच सगळ्यात जास्त नुकसान करतो. म्हणून हे सगळं जरा नीट, पहिल्यापासून लिहितोय. नडगी म्हणजे नेमकं काय, तिला हे नाव कसं पडलं, ती इतकी का दुखते, आणि कुठल्या दुखण्याला घाबरायचं, कुठल्या नाही.

आधी ते हाड हाताने शोधा

बसल्या जागी करून बघा. गुडघ्याच्या वाटीच्या खाली बोट ठेवा आणि हळूहळू खाली आणा. दोन-तीन बोटं खाली आलं की एक टणक उंचवटा लागेल. मांडीचा पुढचा मोठा स्नायू वाटीवरून येऊन तिथे चिकटतो. (दहा-पंधरा वर्षांच्या, खूप उड्या मारणाऱ्या पोरांचा हा उंचवटा कधी कधी सुजतो आणि दुखतो, वाढ पूर्ण झाली की बहुतेकांचं आपोआप थांबतं.) तिथून आणखी खाली या, आता बोटाखाली एक धार लागेल, सरळ खाली जाणारी. ही नडगीची पुढची कड. या धारेच्या आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या पायाकडच्या बाजूला, एक सपाट पट्टा आहे, तिथे दाबून बघा, मांस लागतच नाही, कातडीखाली थेट हाड. आणि तो पट्टा धरून अगदी खालपर्यंत गेलात की आतला घोटा येतो. तो घोटा म्हणजे वेगळं हाड नाही, नडगीचंच खालचं टोक आहे. बाहेरचा घोटा मात्र दुसऱ्या हाडाचा, नडगीच्या शेजारी एक काडीसारखं बारीक हाड असतं त्याचा.

डॉक्टरी भाषेत नडगीच्या हाडाला टिबिया म्हणतात आणि शेजारच्या बारीक हाडाला फिब्युला. ही दोन नावं एकदा लक्षात ठेवा कारण एक्सरेच्या रिपोर्टवर तीच लिहिलेली असतात, बाकी या लेखात आपण नडगीच म्हणू. मांडीच्या हाडानंतर शरीरातलं सगळ्यात लांब हाड हेच. उभं राहिल्यावर अंगाचं बहुतेक सगळं वजन यावरून खाली जातं, त्या बारीक हाडाच्या वाट्याला थोडंसंच येतं.

नाव कुठून आलं

मटण आणायला गेल्यावर आपण सांगतो ना, नळी टाका दोन-चार, ती नळी म्हणजे बकऱ्याच्या पायाचं लांब हाड. काळ्या मसाल्याच्या रश्श्यातली नळी ताटात आली की बाहेरून जाड, कडक भिंत, आणि आत पोकळी, त्यात मऊ मगज. ज्याने ती एकदा ठोकून ठोकून रिकामी केलीये त्याला हाडाची रचना वेगळी शिकवायची गरज नाही.

आपल्या पूर्वजांनीही हाडाकडे असंच बघून नाव दिलं. संस्कृतात नड किंवा नल म्हणजे पाणथळ जागी उगवणारं, आतून पोकळ असलेलं बोरूसारखं गवत. त्यावरून नळ, नळी, आणि लांब पोकळ हाडाला नलक. सुश्रुतसंहितेत हाडांचे पाच प्रकार केलेत, कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक. त्यातलं नलक म्हणजे हातापायातली ही लांब हाडं. आणि तिथे नुसती यादी नाहीये, कुठलं हाड कसं मोडतं तेही सांगितलंय. तरुण म्हणजे कूर्चेसारखी मऊ हाडं वाकतात, नलक मोडतात, कपाल म्हणजे डोक्यासारखी चपटी हाडं फुटतात, आणि रुचक म्हणजे दात तडकतात. लांब हाड मधेच मोडलं तर त्या फ्रॅक्चरचं नाव कांडभग्न, आणि त्याचे १२ प्रकार दिलेत. कांड म्हणजे तेच, उसाचं कांडं असतं तसं. म्हणजे हाड पण गवताच्या नावाचं आणि ते मोडणं पण गवताच्या नावाचं. मला हे वाचल्यावर फार भारी वाटलं होतं, अजूनही वाटतं.

आता कोणी म्हणेल की नळीत ळ आहे आणि नडगीत ड आहे, मग जमवलं कसं. तर ड आणि ळ यांची अदलाबदल आपल्या भाषेत जुनीच आहे. षोडशचं सोळा झालं, तडागचं तळं झालं. तसंच नडचं नळ झालं, आणि नडगी शब्दात तो जुना ड तसाच शिल्लक राहिलेला दिसतो. म्हणजे नळी आणि नडगी एकाच कुळातल्या.

गंमत अशी की रोमन लोकांनी पण हेच केलं. टिबिया हा लॅटिन शब्द, त्याचा एक अर्थ नडगी आणि दुसरा अर्थ बासरी, पावा. जनावरांच्या पायाच्या हाडाला भोकं पाडून पावे करायची पद्धत जगात खूप जुनी आहे, त्यामुळे हाड आणि पावा यांना एकच शब्द असणं साहजिक आहे. फिब्युला म्हणजे त्यांच्याकडे कपडा अडकवायची पिन, नडगीला लागून असलेलं ते बारीक हाड तसंच दिसतं म्हणून. इंग्रजी बोलणाऱ्यांनी मात्र आत काय आहे ते न बघता बाहेरची धार बघितली. त्यांचा शिन हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या शिनू वरून आलाय आणि त्याच्या मुळाशी पातळ तुकडा, पट्टी असा अर्थ सांगतात. जर्मन भाषेत या हाडाला शीनबाइन म्हणतात, आणि त्यातल्या शीनं या शब्दाचा अर्थ आज मोडलेल्या हाडाला बांधायची पट्टी असाही होतो आणि रेल्वेचा रूळ असाही.

एक घोळ तेवढा सांगून टाकतो. संस्कृतात जंघा म्हणजे गुडघ्याखालचा पाय. मराठीत जांघ मात्र पार वर सरकली. त्यामुळे जुन्या ग्रंथात जंघा वाचून मांडी समजू नका.

पोकळ आहे तर मजबूत कसं?

हा प्रश्न पोरं नेहमी विचारतात. आत पोकळ म्हणजे कमजोर, असं आपल्याला वाटतं. पण बांबू घ्या. तेवढ्याच वजनाची, तेवढ्याच लांबीची भरीव काठी केली तर ती बांबूपेक्षा खूप बारीक होईल, आणि गुडघ्यावर ठेवून दाबली तर आधी ती वाकेल. कारण वाकताना सगळा ताण बाहेरच्या कडेवर येतो, मधल्या भागावर जवळपास काहीच येत नाही. मग जिथे ताण आहे तिथे माल वापरायचा आणि मधला सोडून द्यायचा, वजन वाचतं आणि ताकद राहते. पिळ दिला तरी तेच गणित. नडगीची भिंत दगडासारखी घट्ट असते आणि आडवी कापली तर ती गोल नाही, साधारण तिकोनी दिसते, त्यातला पुढचा कोपरा म्हणजे आपण बोटाने शोधली ती धार.

मात्र हे हाड सगळीकडे सारखं जाड नाही. वरून खाली येताना ते बारीक होत जातं आणि खालचा एक तृतीयांश भाग सुरू होतो तिथे सगळ्यात बारीक असतं. ही जागा लक्षात ठेवा, पुढे परत लागेल.

पलंगाची कड लागली की जीव का जातो

कारण सरळ आहे. मांडीला मार लागला तर मधे स्नायूची जाड गादी असते, पोटरीला पण असते. नडगीच्या आतल्या पट्ट्यावर मधे काहीच नाही, कातडी आणि लगेच हाड. आणि हाडावर एक पातळ, चिवट आवरण असतं, त्यात वेदना पोचवणाऱ्या नसांची दाट जाळी असते. म्हणजे जिथे नसा जास्त तिथेच संरक्षण कमी. पलंगाची कड, बाईकचं फूटरेस्ट, कबड्डीत बसलेली लाथ, सगळं थेट त्या आवरणावर. फुटबॉलमध्ये नडगीला गार्ड लावणं नियमानेच सक्तीचं आहे ते उगाच नाही.

हीच उघडी जागा डॉक्टरांच्या मात्र कामाची. पायाला सूज आहे का बघायला ते नडगीवर अंगठा दाबून धरतात, सोडल्यावर खड्डा राहिला तर आत पाणी साठलंय असं कळतं, मागे टणक हाड असल्यामुळे खड्डा स्पष्ट उमटतो. तान्ह्या बाळाची तब्येत फार गंभीर असेल आणि सलाईन लावायला शीरच सापडत नसेल, तर गुडघ्याच्या जरा खाली याच सपाट पट्ट्यातून सुई थेट हाडाच्या मगजात घालून औषध देतात. ऐकायला भयानक वाटतं पण जीव वाचतो.

शुगर असलेल्यांनी एक करायचं, नडगीवरची छोटी खरचट पण दुर्लक्षित करू नका. तिथली कातडी पातळ, जखम भरायला वेळ घेते.

धावल्यावर दुखतं ते कशामुळे

आता मूळ मुद्द्यावर येतो. मार लागलेला नाही, पडलेला नाही, तरी नडगी दुखते. त्याला शिन स्प्लिंट म्हणतात, ग्राउंडवर हा शब्द आता सगळ्यांना पाठ झालाय.

हाड म्हणजे सिमेंटचा खांब नाही, ते जिवंत आहे. धावताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून अंगाच्या वजनाच्या दोन ते तीन पट दणका येतो, वर पोटरीचे स्नायू ओढतात, आणि नडगी प्रत्येक पावलाला किंचित, डोळ्यांना दिसणार नाही इतकी वाकते आणि परत सरळ होते. त्यात बारीक बारीक चिरा पडतात. हे नॉर्मल आहे, सगळ्यांच्या हाडात होतं. शरीर काय करतं, तर एका प्रकारच्या पेशी येऊन तो खराब झालेला भाग खाऊन टाकतात आणि मागून दुसऱ्या प्रकारच्या पेशी येऊन तिथे नवीन हाड बांधतात.

आता नीट लक्ष द्या, सगळी गोष्ट इथे आहे. खाण्याचं काम काही आठवड्यांत होतं. बांधून पक्कं व्हायला तीन-चार महिने लागतात. म्हणजे तुम्ही अचानक खूप धावायला लागलात तर सुरुवातीला शरीर जितकं खातं तितकं त्याच वेगाने भरून निघत नाही, आणि मधले काही आठवडे हाड पहिल्यापेक्षा कमजोर असतं. मजबूत होण्याच्या वाटेवर असतं, पण आत्ता, या घडीला कमजोर. आणि दम मात्र तोपर्यंत वाढलेला असतो, पाय हलके वाटायला लागलेले असतात, म्हणून पोरगं त्याच आठवड्यात राउंड वाढवतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पोरं कडेला बसायला लागतात त्याचं कारण हे आहे, त्यांची जिद्द कमी पडलेली नसते.

दुखण्याच्या दोन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर नडगीच्या आतल्या कडेला, खालच्या बाजूला, चार-पाच बोटं किंवा जास्त लांबीचा पट्टा दुखतो. सुरुवातीला दुखतं, अंग गरम झालं की कमी होतं, घरी आल्यावर परत ठणकतं. हे शिन स्प्लिंट. वेळेवर आवरलं तर काही आठवड्यांत जातं.

दुसरी पायरी म्हणजे त्या बारीक चिरा जुळून खरीखुरी चीर पडणं, त्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. तिथे पट्टा दुखत नाही, एक ठिकाण दुखतं, बोटाने नेमकं दाखवता येतं, दाबलं की माणूस उडतो. पळताना वाढतच जातं, मग चालताना पण दुखतं, मग रात्री झोपेत पण. त्या पायावर एक उडी मारायला सांगितली तर मारवत नाही. लष्करात हे फार जुनं दुखणं आहे, १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियाच्या लष्करी डॉक्टरने कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांबद्दल लिहून ठेवलंय, तेव्हा एक्सरेचा शोधही लागायचा होता. त्या सैनिकांचं पाऊल मोडायचं, धावणाऱ्यांमध्ये मात्र अशी चीर सगळ्यात जास्त नडगीलाच पडते.

पण धावल्यानेच हाड मजबूत होतं ना?

होतं, शंभर टक्के होतं. हाडावर जसा भार येतो तसं ते स्वतःला घडवतं, युलियस वोल्फ या जर्मन डॉक्टरने १८९२ मध्ये हे नियम म्हणून मांडलं आणि आजही मूळ कल्पना टिकून आहे. पण त्यात एक अट आहे, बांधकामाला वेळ मिळाला पाहिजे. भार वाढवणं वाईट नाही, अचानक वाढवणं वाईट. वर्षभर काही न करता जाहिरात आल्यावर रोज सकाळ-संध्याकाळ डांबरी रोडवर पळणं म्हणजे हाडाला फक्त खायला लावणं.

आणि गावाकडची पोरं अनवाणी पळतात, त्यांना कुठे काय होतं?

हे वाक्य ऐकलं की पुढे हमखास हरसूलकडच्या सावरपाड्याच्या कविता राऊतचं उदाहरण येतं, आणि यायलाच पाहिजे, २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थमध्ये १०,००० मीटरला ब्राँझ मिळवणारी आपली पोरगी आहे ती. पण जी मुलं डोंगर-पाड्यात लहानपणापासून चढ-उतार चालतात, पळतात, त्यांचं हाड वाढीच्या वयातच त्या भाराने घडलेलं असतं, आणि ते सुद्धा मातीवर, वर्षानुवर्षं, हळूहळू. सिडकोतल्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या, बारावीपर्यंत क्लासला गाडीवर गेलेल्या मुलाने एका महिन्यात ते गाठायचं म्हटलं तर नाही जमणार. शिवाय गावाकडच्या मुलांनाही हा त्रास होतो. तो होऊन घरी परत गेलेला मुलगा आपल्याला ग्राउंडवर दिसत नाही, एवढंच.

ब्रह्मगिरीच्या फेरीला किंवा गडावर पायी जाणाऱ्यांना पण हेच लागू. वर्षभर बसून काम आणि श्रावणात तिसऱ्या सोमवारी एकदम रात्रभर अनवाणी फेरी, मग आठवडाभर नडग्या धरून बसायचं. श्रद्धा आहे तर जरूर जावं, फक्त महिना-दीड महिना आधीपासून रोज थोडं थोडं चालायला लागा.

एक्सरे नॉर्मल आलाय, म्हणजे काही नाही ना?

इथे भरपूर लोक फसतात. स्ट्रेस फ्रॅक्चर पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्सरेत बहुतेक वेळा दिसतच नाही. चीर केसासारखी असते. नवीन हाड तयार व्हायला लागलं की मग तिथे पांढरट जाडी दिसते. एका ठिकाणी बोट ठेवून दुखत असेल, रात्री दुखत असेल, तर एक्सरे नॉर्मल असला तरी पळणं बंद ठेवून हाडाच्या डॉक्टरांना परत दाखवा, त्यांना गरज वाटली तर ते एमआरआय सांगतील. एमआरआय महाग आहे हे मला माहितीये, सगळ्यांना परवडत नाही, पण न पळणं फुकट आहे, आणि संशय असेल तर फ्रॅक्चर आहे असं समजूनच वागायचं.

यात सगळ्यात वाईट जागा म्हणजे धारेवर, अगदी समोर, हाडाच्या मधोमध दुखणं. मागच्या-आतल्या बाजूची चीर साधारण दीड-दोन महिन्यांत भरते. समोरची चीर वाकण्याच्या ताणाने सारखी उघडत राहते, महिनोन्महिने भरत नाही, कधी ऑपरेशन लागतं, आणि तशीच रेटली तर हाड पूर्ण दोन तुकडे होऊ शकतं. समोर बोट ठेवून दुखतंय म्हटलं की त्याच दिवशी थांबायचं.

भरती तोंडावर आलीये, थांबायचं कसं?

या प्रश्नामागची कळकळ समजते. वय संपत आलेलं असतं, घरचे वाट बघत असतात, पुढची भरती कधी निघेल याचा भरवसा नसतो. म्हणूनच सांगतोय, पहिल्या पायरीवर दोन-तीन आठवडे दिलेत तर भरती हातात राहते, दुसऱ्या पायरीवर गेलात की दोन-तीन महिने गेलेच.

थांबायचं म्हणजे झोपून राहायचं नाही. दम टिकवायला सायकल मारा, पोहता येत असेल तर पोहा, गोळाफेकीचा सराव बसून करता येईल तेवढा करा, पोटाचे-कमरेचे व्यायाम करा. दुखणाऱ्या जागी दहा-पंधरा मिनिटं बर्फ, कपड्यात गुंडाळून. चालताना अजिबात दुखत नाही असं झालं की मग आलटून पालटून, थोडं चालणं, थोडं हळू पळणं, एक दिवसाआड. जमीन मातीची किंवा गवताची बघा. पंजावर उभं राहून टाचा वर-खाली करण्याचा व्यायाम रोज, कारण पोटरी थकली की तिने झेलायचा दणका पण हाडावर जातो. शूज महागच पाहिजेत असं काही नाही, पण तळवा घासून कडक झालेले नकोत, साधारण ५०० ते ८०० किलोमीटर झाले की आतली गादी मरते.

हाडावर जोरात रगडून मालिश नको. आणि पळायच्या आधी पेनकिलर तर नकोच. ते दुखणं म्हणजे बांधकाम पूर्ण व्हायचंय एवढी एकच खबर तुमच्यापर्यंत पोचवणारी सोय आहे, गोळीने ती खबर बंद होते, चीर बंद होत नाही.

मुलींनी हे वेगळं वाचा

भरतीच्या मुलींना हा त्रास मुलांपेक्षा जास्त होतो. त्यातलं एक मोठं कारण खाण्यात आहे. वजन कमी करायचं म्हणून जेवण कमी आणि वर रोज दोन वेळा सराव, मग शरीर काटकसर करायला लागतं आणि पाळी पुढे जाते किंवा बंदच होते. पाळी थांबली की बऱ्याच मुलींना उलट बरं वाटतं, सरावाला कटकट नाही म्हणून. पण पाळी सुरू ठेवणारे हार्मोन हाड पण सांभाळत असतात, ते कमी झाले की हाड विरळ व्हायला लागतं. सरावाच्या काळात पाळी दोन-तीन महिने आली नाही तर डॉक्टर बाईंना दाखवाच, आणि भाकरी, डाळ, अंडी, दूध यात काटछाट करू नका. अमेरिकेच्या नौदलात महिला रिक्रूट्सना कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी देऊन एक मोठी चाचणी झाली होती, तिचे निकाल २००८ मध्ये आले, त्यात स्ट्रेस फ्रॅक्चर सुमारे २० टक्क्यांनी कमी झालेली दिसली. म्हणजे खाण्याने फरक पडतो, फक्त मनाने गोळ्या सुरू करू नका, रक्त तपासून डॉक्टर सांगतील तेवढंच.

बाईकवरून पडून मोडली तर

शरीरातल्या लांब हाडांमध्ये सगळ्यात जास्त मोडणारं हाड हेच, आणि कातडी फाडून बाहेर येणाऱ्या फ्रॅक्चरमध्येही पहिलं, कारण मधे मांस नाही. सिंहस्थाच्या कामांमुळे रस्ते जागोजागी खणलेत, त्यात रात्री बाईक घसरली की पाय गाडीखाली येतो आणि मोडते ती बहुतेक नडगी.

मग घरच्यांची तक्रार असते, हात महिन्या-दीड महिन्यात जुळला होता, पायाला चार-सहा महिने का? एक तर हे वजन पेलणारं, जाड भिंतीचं हाड. दुसरं म्हणजे रक्तपुरवठा. हाडाला आतून रक्त देणारी मुख्य रक्तवाहिनी वरच्या भागात, मागच्या बाजूने आत शिरते आणि नळीतून खाली उतरते. खाली मोडलं की तिचा रस्ता तुटतो, आणि खालच्या भागाला बाहेरून रक्त द्यायला स्नायू पण फारसे नाहीत. मगाशी सांगितलेली सगळ्यात बारीक जागा आठवतेय ना, तिथेच जास्त मोडतं आणि तिथेच रक्त कमी. सिगारेट-तंबाखू असेल तर ते रक्त अजून कमी, त्यामुळे हाड जुळेपर्यंत तरी पूर्ण बंद.

आणि रॉड टाकला म्हणतात तो कुठे टाकतात, तर त्या नळीच्या पोकळीतच. गुडघ्याजवळून छोट्या चिरेतून स्टीलचा किंवा टायटॅनियमचा रॉड आत सरकवतात आणि वर-खाली आडवे स्क्रू मारतात, म्हणजे हाड पिळलं जाऊ नये. हाड भरीव असतं तर हे जमलंच नसतं. जखम फार घाण असेल किंवा हाडाचा तुकडाच गेला असेल तर बाहेरून रिंगा लावतात, सायबेरियातल्या कुर्गान शहरातल्या इलिझारोव्ह या डॉक्टरांनी ती पद्धत शोधली, रोज थोडं थोडं अंतर वाढवत नेलं की मधे नवीन हाड तयार होतं.

हाड जुळल्यावर रॉड काढायलाच पाहिजे का? नाही, त्रास नसेल तर बहुतेकांचा आत तसाच ठेवला तरी चालतो.

एक धोका मात्र तासांचा असतो, दिवसांचा नाही. गुडघ्याखालचे स्नायू चिवट पडद्यांच्या चार कप्प्यांत बंद असतात. फ्रॅक्चरनंतर आत रक्त आणि सूज साठली की कप्प्यात दाब वाढतो आणि स्नायूला रक्तच मिळेनासं होतं. हाड मोडल्याच्या मानाने दुखणं फारच जास्त, इंजेक्शन देऊनही थांबत नाही, पायाची बोटं कोणी हलवली तरी ओरडायला होतं, पोटरी दगडासारखी कडक, पाऊल बधिर. प्लास्टर केल्यानंतर घरी आल्यावर सुद्धा हे होऊ शकतं. असं वाटलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी सकाळची वाट बघू नका, लगेच हॉस्पिटलला न्या आणि तिथे गेल्यावर पहिलं वाक्य हेच बोला की बोटं हलवली की सहन होत नाही, कारण या एका वाक्यावरून ड्युटीवरच्या डॉक्टरांना काय तपासायचं ते लगेच कळतं.